पाव इंच आणि एक दोरा

वालावलच्या आनंदी घाडी यांच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकला की बायका निश्चिंत असायच्या. पुढच्या वर्षी अंग सुटलं, बाळंतपण झालं, दुखण्यातून उठून माणूस वाळलं, तरी ब्लाऊज फुकट जायचा नाही. आनंदी शिवणीच्या आत भरपूर माया ठेवायची. म्हणजे शिवण घालताना कडेचं कापड चांगलं बोटभर आत सोडायचं. लागेल तेव्हा उसवून ब्लाऊज सैल करता येतो. काही जणींना ती दोन बोटं माया ठेवी, काहींना अर्धंच. कुणाचं शरीर कसं बदलणार याचा तिला एक अंदाज असे आणि तो सहसा चुकत नसे. टेप गळ्यात असायची, पण ती बहुतेक शोभेलाच. बाई दारातून आत येईपर्यंत आनंदीच्या डोळ्यांनी माप घेतलेलं असायचं.

हे काम ती अडतीस वर्षं करत होती. माहेर शिरोड्याचं. तिथल्या बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात काजं करायला म्हणून ती जायची, तिथेच मशीनवर बसायला शिकली. लग्न होऊन वालावलला आली तेव्हा सासरी माडांची बाग होती, थोडी भातशेती होती. नवऱ्याला सगळा गाव दाजी म्हणायचा, म्हणून पुढे तीही माणसांत बोलताना दाजीच म्हणू लागली. दाजींनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कुडाळहून पायमशीन आणली. लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, उजेडाच्या बाजूला ती जी ठेवली, ती अजून तिथेच आहे.

गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काशीबाईचं घर. काशीबाई आनंदीपेक्षा वर्षभराने मोठी. तिच्याकडेही मशीन होती, पण तिचं काम वेगळं. ती शाळेचे युनिफॉर्म शिवायची. जूनच्या आधी निळ्या पँटी आणि पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे तिच्या घरी येऊन पडत. सहा वर्षांच्या मुलाचा शर्ट म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचा शर्ट. तो कुणाच्या अंगात जाणार ते तिला माहीत नसायचं. गावात दोघींची तुलना झालीच तर ती अशी व्हायची: आनंदीच्या हातात कला आहे, काशीबाई आपली मेहनती. हे काशीबाईलाही ठाऊक होतं आणि तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं.

तर दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. चतुर्थीच्या आधी महिनाभर देवबागहून संचिता आली. ही आनंदीच्या मामेबहिणीची सून. देवबागला खाडीच्या अंगाला त्यांचं घर आहे. नवरा मंगेश पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि संचिता घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देते. ती कापडाचं मोठं गाठोडं घेऊनच आली होती. निळं, पांढरं, मरून, हिरवं, सगळं सुती, मालवणच्या बाजारातून घेतलेलं.

"काकी, आपली गोधडी असता ना, तशी नको," ती म्हणाली. "माका चौकोन चौकोन जोडलेली व्हयी. पलंगार घातली की वळीन दिसाक व्हयी." आणि तिने मोबाइलवर सरळ ओळींत जोडलेल्या चौकोनांचं चित्र दाखवलं.

आनंदीने चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. गोधड्या तिने आयुष्यभर शिवल्या होत्या. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर ठिगळं लावायची आणि हाताने दोरे घालत जायचं. ठिगळ थोडं तिरकं गेलं तरी बिघडत नाही, उलट बरंच दिसतं. इथे मात्र तुकडे एकावर एक ठेवायचे नव्हते, कडेला कड लावून जोडायचे होते. साडेचार इंचांचे नऊ चौकोन जोडून एक मोठा चौकोन, आणि असे बेचाळीस मोठे चौकोन जोडून पलंगभर चादर. प्रत्येक शिवणीत पाव इंच माया.

"ह्येच्यात काय आसा? पोरांचो खेळ," आनंदी म्हणाली.

चतुर्थीच्या ब्लाऊजांचं काम अंगावर होतंच, म्हणून तिने काशीबाईला हाताशी घेतलं. कापड धुऊन, इस्त्री करून दोघींनी मिळून ते कापलं. कापणी अगदी बिनचूक झाली. मग वाटणी केली. मधोमध मरून तुकडा असलेले एकवीस चौकोन काशीबाईचे, मधोमध हिरवा असलेले एकवीस आनंदीचे. गणपतीचं विसर्जन झाल्यावर दोघींचे ढीग एकत्र आले आणि आनंदी ते जोडायला बसली.

जोडताना काहीतरी बिनसत होतं. हिरवा चौकोन मरून चौकोनाला लावावा तर कधी एक दोरा, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, उरायचा, कधी चांगला अर्धा इंच. आनंदीने तो ओढून बसवला. कापड सुती, ओढलं की येतं. पुढचा कमी पडला, तो जरा सैल सोडला. असं करत करत चादर पुरी झाली. आत जुन्या मऊ साडीचा थर, खाली मांजरपाट, वर हाताचे दोरे. घडी घातल्यावर छान दिसली. दाजी बघून म्हणाले, "एकदम झकास!"

देवबागला संचिताने ती पलंगावर पसरली तेव्हा मात्र आनंदीला सगळं दिसलं. मधेच एक फुगवटा आला होता, हाताने सारला की दुसरीकडे उठायचा. जिथे चार चौकोनांचे कोपरे एका ठिकाणी यायला हवेत, तिथे ते एकमेकांना चुकवून उभे होते. आणि एक बाजू दुसरीपेक्षा चांगली तीन बोटं लांब.

संचिताने चादर फिरवली आणि लांब बाजू भिंतीकडे केली. "बरी दिसता, काकी. थंय कोण बघाक जाता?"

"माका परत दी ती."

"कित्याक? माका आवडली."

"माका आवडूक नाय," आनंदी म्हणाली आणि तिने चादरीची घडी घालायला घेतली. संचिता नको नको म्हणत राहिली. आनंदीने ऐकलं नाही. अडतीस वर्षांत तिचं काम कुणी भिंतीकडे फिरवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत तिने विचार केला, आपण कुठे चुकलो? आपला हात चुकणं शक्य नव्हतं. मग आठवलं की काशीबाईच्या मशीनचा पाय, म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणारी ती पट्टी, आपल्या मशीनच्या पायापेक्षा रुंद आहे. दोघींनीही पायाच्या कडेने शिवण घातली होती. मग तिची माया जास्त जाणारच. घरी पोचेपर्यंत आनंदीची खात्री झाली होती. चहा घेण्याआधी ती गडग्यापाशी गेली.

"काशीवयनी, चादर परत हाडलंय. तुझ्या मशीनीचो पाय रुंद आसा. तुझे सगळे चौकोन बारीक इले, म्हणान ती बसली नाय."

काशीबाई भात वाळत घालत होती. ती सरळ उभी राहिली. "माझे बारीक? आणि तुझे मोठे नाय, ह्या कशावरना?"

"मी काय आज शिवतंय?"

"आणि मी? तेवीस वर्षां पोरांचे युनिफॉर्म शिवतंय मी. एक बाही लांब आणि एक आखूड, असा कधी कोणी सांगल्यान तुका?" काशीबाईचा आवाज चढला. "तुझ्या हातात कला आसा ना? मगे तूच शिव."

आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर आठ दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सकाळी फुलं काढताना गडग्याच्या दोन्ही बाजूंना दोघी असायच्या, पण माना खाली. दाजींच्या हे लक्षात आलं. "आज काशी इली नाय चायेक?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आनंदी चादर उसवायला बसली. तेच कापड पुन्हा मिळणार नव्हतं, संचिताने शेवटचं घेतलं होतं. म्हणून एकही तुकडा फाटू द्यायचा नव्हता. आधी हाताचे दोरे काढले, मग मांजरपाट सोडवलं. मग मोठे चौकोन एकमेकांपासून वेगळे केले. प्रत्येक चौथा टाका ब्लेडच्या टोकाने तोडायचा आणि उलट्या बाजूने दोरा ओढून घ्यायचा. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे. पण हात चालू राहिले, कारण काशीबाईला दाखवायचं होतं. सगळे चौकोन सुटे झाले की दोन ढीग करायचे आणि म्हणायचं, बघ तुझे आणि बघ माझे.

ते दोन ढीग तिने नवव्या दिवशी दुपारी लोट्यावर रचले. डावीकडे काशीबाईचे मरून, उजवीकडे आपले हिरवे. आणि हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली.

काशीबाईचा ढीग पत्त्यांच्या नव्या कॅटसारखा उभा होता. चारी बाजू सरळ. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं तर कुठे अडखळत नव्हतं. आनंदीच्या ढिगाच्या कडा आत-बाहेर, आत-बाहेर. एक चौकोन जीभ बाहेर काढून बसलेला, त्याखालचा आत दडलेला.

तिने टेप घेतली. गळ्यातली टेप इतक्या मनापासून तिने कित्येक वर्षांत वापरली नव्हती. काशीबाईचा पहिला चौकोन सव्वाबारा इंच. दुसरा सव्वाबारा. दहावा सव्वाबारा. एकविसावा सव्वाबारा. यायला हवा होता साडेबारा, म्हणजे काशीबाईची माया पाव इंचापेक्षा एक दोरा जास्त जात होती हे खरंच. पण प्रत्येक शिवणीत तो एकच दोरा होता. आनंदीचे चौकोन बारापासून पावणेतेरापर्यंत कसेही पसरले होते. तिने एक चौकोन उलटा करून माया बघितली. शिवण सुरू झाली तिथे अगदी बरोबर पाव इंच. मधे सवयीने हात सैल झाला होता आणि माया वाढली होती. पुढे ते लक्षात येऊन तिने घाईने कापड बाहेर ओढलं होतं, आणि शेवटी माया इतकी बारीक झाली होती की टाके जेमतेम धरून होते.

तिच्या सगळं ध्यानात आलं. ब्लाऊज शिवताना ती प्रत्येक बाईचा विचार करायची, कापड जिथे जसं मागेल तसं हात हलवायची. तीच सवय इथे घात करत होती. काशीबाईला कुणाच्या अंगाचा विचार करायचा नव्हता. ती पन्नास शर्टांना एकच शिवण पन्नास वेळा घालत आली होती.

दाजी माडांना पाणी लावून आले. दोन ढीग बघून म्हणाले, "ह्यो सरळ तुझो?"

"नाय," आनंदी म्हणाली. "तो काशीवयनीचो."

दाजींनी टोपी काढली, घाम पुसला आणि आत जाऊन स्वतःच चहा ठेवला.

संध्याकाळी आनंदी दोन्ही ढीग दोन हातांवर तोलत काशीबाईच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेली. काशीबाई सुपाने भात पाखडत होती. तिने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आनंदीने ढीग तिच्या लोट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"हो तुझो. हो माझो," ती म्हणाली.

काशीबाईने सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. जवळ येऊन एका ढिगाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. वाकून बघितलं. मग तिचे खांदे हलू लागले.

"अगो बाय," ती म्हणाली, "तुझो ढीग दारू पिवन इलो काय गो?"

आनंदीला हसू आलं आणि रडूही आलं. "तुका नको ता बोललंय मी, वयनी."

"बोललंस ता बोललंस. मी काय कमी बोललंय? बस. चाय ठेवतंय."

चहा पिताना आनंदीने टेपने काय भरलं ते सांगितलं आणि ती म्हणाली, "तुझ्यातलो एक चौकोन माका नमुन्याक व्हयो. तेच्यावर माझी मशीन बसवतंय."

"पण माझा माप एक दोरो जास्त आसा, तूच म्हणतंस."

"आसा. पण सगळीकडे तितकोच आसा. तुझे एकवीस तसेच रवांदेत. माझे सगळे उसवतंय आणि तुझ्या मापान शिवतंय. चादर दीड इंच कमी भरात, पलंगाक काय कळाचा नाय."

काशीबाई कपातला चहा बशीत ओतत राहिली आणि तिचा चेहरा बराच वेळ उजळलेला होता.

दुसऱ्या दिवशी आनंदीने काशीबाईच्या चौकोनाची एक शिवण मशीनवर सुईखाली धरली. चाक हाताने फिरवून सुई बरोबर टाक्यांच्या ओळीत उतरवली. मग जखमेला लावायची चिकटपट्टी कापून कापडाच्या कडेला टेकवून मशीनच्या पाटावर चिकटवली. एकावर एक असे सहा थर लावले, तेव्हा पट्टीला बऱ्यापैकी उंची आली, कापडाला टेकायला छोटा गडगाच झाला. आता कापड त्या गडग्याला घासत पुढे सरकवायचं, एवढंच काम.

एवढंच काम, पण पहिले दोन दिवस हात ऐकेना. डोळे सुईकडे जायचे. सुईकडे बघितलं की कापड पट्टी सोडायचं. काशीबाई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "सुईक कित्याक बघतंस? ती खंय पळाची नाय. कडेक बघ."

आनंदीने कडेला बघायला सुरुवात केली. काशीबाई आणखी सांगत गेली, कारण आता तिला कुणी विचारत होतं. कापड ओढायचं नाही, मशीनचे दात त्याला नेतात, आपण फक्त वाट दाखवायची. सुरुवातीला एक चिंधी शिवायची आणि तिच्या मागोमाग चौकोन लावायचा, म्हणजे मशीन कोपरा खात नाही. इस्त्री फिरवायची नाही, वरून दाबायची आणि उचलायची. फिरवली की कापड तिरकं पसरतं. आनंदीला यातलं बरंचसं माहीत होतं, पण तिने मधे तोंड घातलं नाही. प्रत्येक चौकोन झाला की तो काशीबाईच्या ढिगावर ठेवून बघायचा, हा नियम तिने स्वतःच घालून घेतला. पहिले चार बसले नाहीत. ते उसवले. पाचवा बसला.

बारा दिवसांत एकवीस चौकोन झाले. ते मरून चौकोनांना जोडताना एकदाही ओढावं लागलं नाही. कोपऱ्याला कोपरा आला की शिवणींची जाडी एकमेकींच्या शेजारी अशी बसायची की बोटाला नुसतं कळायचं, बघावंही लागायचं नाही. आनंदी डोळे मिटून बोट फिरवायची आणि हसायची. दाजींना एकदा तिने हात धरून बोट फिरवायला लावलं. "काय कळला?" तिने विचारलं. "कायच नाय," दाजी म्हणाले. "तेच तर!" आनंदी म्हणाली.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा मंगेश आपली होडी घेऊन कर्लीच्या पाण्यातून वर आला आणि दोघींना घेऊन गेला. काशीबाई कित्येक वर्षांत खाडीतून गेली नव्हती. ती सारखी काठावरची घरं ओळखत होती. चादर प्लास्टिकात गुंडाळून आनंदीच्या मांडीवर होती.

देवबागला संचिताने चादर पलंगावर पसरली. ती पडली ती सपाट पडली, हाताने सारावी लागली नाही. संचिता चारी बाजूंनी फिरली. भिंतीकडची बाजू बघितली, दाराकडची बघितली. "काकी," ती म्हणाली, "हीच ती काय?"

"तीच. ह्या माप काशीवयनीचा," आनंदी म्हणाली. तिने ते मुद्दाम मोठ्याने म्हटलं, मंगेशलाही ऐकू जाईल असं.

जेवायला बांगड्याचं तिखलं आणि गरम भात होता. जेवणं झाल्यावर संचिताने दोघींना त्याच खोलीत नेलं. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. "वायच पडा," ती म्हणाली.

"नव्या चादरीर?" काशीबाई घाबरली.

"तुमी शिवलास, तुमीच आधी निजा."

काशीबाई भिंतीकडे आणि आनंदी खिडकीकडे, अशा दोघी संकोचाने पाय आखडून पडल्या. काशीबाईचे डोळे थोड्याच वेळात मिटले आणि ती घोरायला लागली. आनंदी जागी होती. बाहेर खाडीत होड्यांचे आवाज येत होते. कुठे तरी माडाची झावळी पडली. इतकी वर्षं तिने शिवलेलं कापड दुसऱ्यांच्या अंगावरच गेलं होतं, आणि ते तसंच असायला हवं, असं तिला वाटायचं. आता पाठीखाली तिचं आणि काशीबाईचं काम होतं, आणि कुठली शिवण कुणाची ते तिला पाठीने सांगता येत नव्हतं. तिने पाय लांब केले.

उरलेल्या तीन खोल्यांच्या चादरी संचिताने त्याच दिवशी सांगितल्या. त्या सगळ्या दोघींनी पुढच्या वर्षभरात केल्या. त्यांच्यासाठी मात्र दोघींनी नेमकं पाव इंचच धरायचं ठरवलं. काशीबाईच्या मशीनवरही चिकटपट्टीची उंच कड बसली. सुरू करण्याआधी दोन-दोन इंचांच्या तीन पट्ट्या शेजारी जोडून बघायच्या. मधली पट्टी बरोबर दीड इंच भरली तरच पुढे जायचं. कधी आनंदीची भरायची नाही, कधी काशीबाईची. ज्या दिवशी काशीबाईची भरली नाही, त्या दिवशी आनंदीने गडग्यावरून हाक मारून सगळ्या वाडीला ऐकवलं.

होडीतून परत येताना मात्र यातलं मापाचं काहीच ठरलेलं नव्हतं. भरती लागली होती, मंगेशला घाई नव्हती. काशीबाई म्हणत होती की पुढच्या चादरीत पिवळा रंग हवा. आनंदी म्हणत होती, पिवळा अजिबात नको, धुतला की विटतो. दोघींचं धामापूरच्या बाजूची झाडं दिसेपर्यंत एकमत झालं नव्हतं, आणि दोघींनाही ते होण्याची काही घाई नव्हती.